बादलीभर दात

सोमवारी सकाळी नऊ वाजले तरी टेप फिरतच होती.

टेपराव मशीनसमोर उकिडवे बसले होते आणि त्याच्याकडे असे बघत होते, जसं तापानं फणफणलेल्या पोराकडे बघावं. मशीन नवंकोरं होतं, जुन्याच्या दुप्पट वेगाचं. जुनं मशीन शुक्रवारी संध्याकाळी सहाला लावलं की सोमवारी दुपारी जेवणाच्या सुमारास कामातून मोकळं व्हायचं. नवं रविवारी सकाळीच मोकळं होईल, असा टेपरावांचा साधासरळ अंदाज होता. पण हे नवं ध्यान चार पावलं धावे, थबके, मागे येई, पुन्हा धावे, पुन्हा थबके. खर्र, टक्. खर्र, टक्. घराला कुलूप लावलं की नाही या शंकेनं कोपऱ्यावरून सारखं परत फिरणाऱ्या माणसासारखं त्याचं चाललं होतं.

"किती राहिलंय?" मागून बाईंचा आवाज आला.

"होतंय, बाई."

"होतंय का, असं नाही विचारलं मी. किती राहिलंय?"

"उद्या दुपारपर्यंत होईल."

"उद्या? अहो, जुनं मशीन आज दुपारी संपवायचं!"

"हे जास्त वेगवान आहे, बाई."

"म्हणून जास्त वेळ लागतो?"

मशीननं खर्र, टक् केलं.

बाई म्हणजे या कार्यशाळेच्या मालकीणबाई, आणि कार्यशाळा होती कवळ्यांची. दवाखान्यांतून माणसांच्या हिरड्यांची मापं यायची आणि इथून डब्यांत बंद होऊन दात जायचे. पूर्वी प्रत्येक माणसाच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा फळीवर जपून ठेवत. मग एका दुपारी गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि चार हजार माणसांच्या जबड्यांचा तासाभरात चिखल झाला. त्या दिवशी बाईंनी दोन गोष्टी ठरवल्या. यापुढे सगळे दात कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटरवर जे असेल त्याची एक पुरी नक्कल दर आठवड्याला टेपवर. ती टेप बाई स्वतःच्या पर्समध्ये घालून घरी नेत. हा नेम सहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला आईबापांनी एक छानसं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एरवी ते टेपराव.

टेप फिरत असली की सर्व्हरचा जीव मेटाकुटीला येई. एक दात पडद्यावर उघडायला अकरा मिनिटं लागत. त्यामुळे सोमवार म्हणजे कार्यशाळेत बिनपगारी नव्हे, चांगली भरपगारी सुट्टीच. पॉलिशवाल्या मावशींनी सोमवार-सोमवार करत तीन स्वेटर विणून संपवले होते. साचे विभागातले दोघं बुद्धिबळात इतके तयार झाले होते की बाहेर जाऊन स्पर्धा जिंकून आले होते. नव्या मशीननं आता मंगळवारची सकाळही या सुट्टीला जोडून दिली, तेव्हा मावशींनी टेपरावांना चहा पाठवला. बाईंनी मात्र स्वतः येऊन निर्वाणीचा इशारा दिला.

"पुढच्या सोमवारी नऊच्या ठोक्याला सर्व्हर मोकळा पाहिजे. तोवर शनिवार-रविवार तुमचा मुक्काम इथेच. टेप बदलायला एक मिनिट उशीर चालायचा नाही."

"रविवारी पण?"

"टेपला कुठे रविवार असतो?"

टेपराव घरी आले तर दारातच लेक उभी. अकरा वर्षांची, हातात एक कागद फडकवत.

"बाबा, सही कर! या रविवारी तळं पोहायचंय. या काठावरून त्या काठावर!"

"अरे वा, बेडके! आईला घेऊन जा."

"आई नाही चालणार. बारा वर्षांखालच्यांच्या सोबतच्या होडीत घरचं माणूस लागतं. नियमच आहे. आणि आई होडीत..."

"मला बादलीतलं पाणी हललं तरी घेरी येते," आतून बायको म्हणाली. "होडीत मला बसवलंत तर पोरगी पोहून जाईल आणि मला उचलून आणावं लागेल."

"पुढच्या वर्षी..." टेपरावांनी सुरुवात केली आणि तिथेच थांबले, कारण लेकीचा चेहरा उतरला. रडली नाही, रुसली नाही. नुसता कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"टेप का?" तिनं विचारलं.

"टेप."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

गेल्या सहा वर्षांत हे 'बरं' त्यांनी किती वेळा ऐकलं होतं! वाढदिवसाला बरं, शाळेतल्या नाटकाला बरं. एकदाच त्यांनी टेप बदलायचं काम वॉचमनवर सोपवलं होतं. त्या भल्या माणसानं चुकून मशीन साफ करायची टेप घातली आणि मशीन दोन दिवस स्वतःलाच साफ करत बसलं. तेव्हापासून तो मार्गही बंद झाला होता.

"अहो," रात्रीची भांडी आवरताना बायको म्हणाली, "ते मशीन एवढं हुशार आहे तर अडतंय कुठे?"

"तेच तर कळत नाही."

"मग समजून घ्या ना. कागदावर सही करा आणि चार दिवसांत समजून घ्या."

टेपरावांनी सही केली.

बुधवारी सकाळी त्यांनी मशीन विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मशीन उपाशी आहे हो तुमचं. ते घास गिळतंय चटकन आणि तुम्ही भरवताय एकेक शीत. पुढचं शीत येईपर्यंत टेप पुढे सरकून गेलेली असते, मग मागे यायचं, जागा धरायची, पुन्हा धावायचं. जेवढं मशीन वेगवान, तेवढी तंगडतोड जास्त. फाइली किती आहेत तुमच्या?"

टेपरावांनी मोजल्या. बावीस लाख चाळीस हजार. गिऱ्हाइकं वीस हजार आणि फाइली बावीस लाख! ते तडक दाढमास्तरांकडे गेले.

दाढमास्तर म्हणजे कार्यशाळेचे मुख्य कारागीर. चाळीस वर्षं दात घडवण्यात गेलेली. ठोकळ्यांतून दात कातणारी सहा मशीनं त्यांच्या हुकमतीत होती आणि त्यांना कुणी 'दात कोरणारी मशीनं' म्हटलं की ते दिवसभर त्या माणसाशी बोलत नसत. त्यांची स्वतःचीही कवळी होती, पण इतरांचे दात करता करता स्वतःची नवी करायला त्यांना सवड झाली नव्हती. आताची सैल झाली होती आणि रागात बोलले की खट् वाजायची.

"मास्तर, एका माणसाच्या एकशे बारा फाइली कशाला हो?"

"अठ्ठावीस दात. प्रत्येकाचा आकार एक, पुढून फोटो एक, मागून एक, रंगाची नोंद एक. करा गुणाकार."

"अठ्ठावीस? बत्तीस असतात ना?"

"चाळीस वर्षांत अक्कलदाढ मागणारा माणूस मला भेटलेला नाही," मास्तर म्हणाले. "कवळीत अठ्ठावीसच."

"पण एका माणसाची एकच फाइल केली असती तर?"

खट्! "टेपराव, प्रत्येक दात वेगळा असतो. त्याला त्याचा स्वभाव असतो. एका पोत्यात दात भरायला मी काय शेंगदाणे विकतो? आणि मला कशाला विचारता? सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, प्रत्येक दाताची वेगळी फाइल केली तर चालेल का? तेव्हा तुम्ही पायावर पाय टाकून काय म्हणाला होतात?"

टेपरावांना आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "कितीही करा मास्तर," असं म्हणाले होते ते. "कॉम्प्युटरला कसलं ओझं?"

ते वळले. तेवढ्यात मास्तर जागेवरून उठले आणि तयार दात घेऊन पलीकडच्या टेबलाकडे निघाले. दात मेणाच्या पट्टीत ओळीनं बसवलेले होते, अख्खा जबडा एका हातात.

"हे असं नेता तुम्ही?" टेपराव थबकले.

"मग काय एकेक दात चिमटीत धरून अठ्ठावीस खेपा घालू?"

टेपराव बघतच राहिले. मग त्यांनी मास्तरांचा दुसरा हात धरून एवढ्या जोरात हलवला की मास्तरांची कवळी दोनदा वाजली.

"मास्तर, मीही तेच करणार! तुमच्या फाइलींना हात लावत नाही. टेपवर नेण्यापुरतं एका माणसाचं एक पुडकं. मेणाच्या पट्टीसारखं!"

मास्तरांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. दात इकडचे तिकडे होतील, सुळा दाढेच्या जागी जाईल, असं म्हणून पाहिलं. शेवटी होडीची गोष्ट कळली तेव्हा जरा मऊ झाले. "ठीक आहे. पण एक अट. कातायच्या मशीनला आपण अख्खा जबडा जसा देतो, अगदी त्याच मांडणीत पुडकं बांधायचं. उघडलं की दात जागच्या जागी दिसले पाहिजेत मला."

"एवढंच ना? केलं समजा!"

गुरुवारभर टेपरावांनी पुडकी बांधणारा प्रोग्रॅम लिहिला. एका वेळी आठ-आठ पुडकी बांधायची, मोकळ्या डिस्कवर रचायची आणि तिथून टेपला भराभर भरवायची. प्रश्न फक्त मोकळ्या डिस्कचा होता. शोधता शोधता कातकाम खोलीतल्या एका डिस्कवर भरपूर जागा सापडली. सहा वर्षांपूर्वी ती टेपरावांनीच बसवली होती. कशासाठी, ते त्यांनी तिच्यावर चिठ्ठी लावून स्वच्छ अक्षरात लिहिलंही होतं. फक्त चिठ्ठीची बाजू भिंतीकडे होती.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला त्यांनी बटण दाबलं. पाच मिनिटं काही नाही. मग टेप सुरू झाली आणि थांबलीच नाही! खर्र नाही, टक् नाही. नुसतं हूंऽऽऽ. गाढ झोपलेल्या घरात पंखा फिरावा तसा एकसुरी, गोड आवाज. टेपरावांनी अर्धा तास तो उभ्यानं ऐकला. बाई पर्स घेऊन निघाल्या होत्या, त्याही दारात क्षणभर थांबल्या.

"हे थांबत कसं नाही?"

"पोट भरतंय त्याचं, बाई."

"सोमवारी काम होणार म्हणता? मग मास्तरांनी मशीनं ठोकळ्यांनी काठोकाठ भरून ठेवलीत ते बरं केलं," असं म्हणून बाई गेल्या. टेपराव शीळ घालत घरी गेले. लेकीला काही बोलले नाहीत, पण जेवताना तिच्याकडे बघून दोनदा हसले.

शनिवारी सकाळी आठला ते दुसरी टेप घालायला आले. पहिली केव्हाच भरून तयार होती. त्यांनी दुसरी घातली, हूंऽऽऽ सुरू झालं, आणि त्याच वेळी त्यांना पलीकडच्या खोलीतून दुसराच आवाज आला. टूं टूं, टूं टूं.

शनिवारी कातकाम खोलीत कुणी नसतं. टेपरावांनी दार ढकललं.

सहाही मशीनांचे लाल दिवे लुकलुकत होते. प्रत्येकाच्या पडद्यावर एकच ओळ होती, 'ठोकळे संपले, भरा'. सोमवार-मंगळवारच्या कामाचे ठोकळे गडप झालेले. आणि डिस्कमागे वाकून बघितल्यावर भिंतीकडची चिठ्ठी दिसली. टेपरावांचंच अक्षर: 'इथे जबडा ठेवला की मशीन आपोआप कातायला घेते.'

त्यांनी मशीनला वीस हजार माणसांचे जबडे दिले होते, आणि तेही मास्तरांच्या अटीप्रमाणे, अगदी त्याला कळेल अशा मांडणीत! ठोकळे संपले म्हणून बरं, नाहीतर ती बिचारी वर्षभर कातत बसली असती.

"साहेब, काय काम म्हणायचं का काय!" दारातून वॉचमन कौतुकानं म्हणाला. "रात्रभर चालू होती सगळी. मी म्हटलं, तातडीचं असणार."

"दात कुठे आहेत?" टेपरावांनी विचारलं. प्रत्येक मशीनखाली एक तबक असतं. सहाही तबकं रिकामी होती.

"ते होय? पहाटे तबकं भरून वाहायला लागली, खाली सांडायला लागले. मी सगळे एकत्र करून ठेवले." आणि त्यानं कोपऱ्यातून फरशी पुसायची निळी बादली उचलून पुढे आणली. "बादली आधी धुतली बरं का. स्वच्छ आहे."

टेपरावांनी आत बघितलं. बादलीभर दात! दाढा, सुळे, पटाशीचे, सगळे एकात एक. मास्तर म्हणाले होते शेंगदाणे. ते तर फारच सौम्य बोलले होते. टेपरावांना वाटलं, बादली उचलावी, रिक्षा करावी आणि जे पहिलं गाव लागेल तिथे नवं नाव घेऊन राहावं. मग टेबलावरचा घडी घातलेला कागद डोळ्यांपुढे आला. त्यांनी मास्तरांना फोन केला.

"मास्तर, या. रागवायचं ते इथे येऊन रागवा."

मास्तर घरच्या चपलांत आले. टेपरावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, डिस्क, चिठ्ठी, तबकं, बादली. मास्तरांची कवळी वाजली नाही, आणि तेच भयंकर होतं. त्यांनी बादलीत हात घातला, एक दात काढला, खिडकीच्या उजेडात धरला, अंगठ्यानं फिरवला.

"हा माझा," ते म्हणाले.

"अं?"

"माझा वरचा डावा सुळा. आतून जरा कललेला, बघा. पहिला नंबर माझाच होता ना." त्यांनी दुसरा काढला. "हा पण माझा. आणि ही... ही बाईंच्या मातोश्रींची दाढ! काय रुंद आहे बघा, बोलायला जोर लागतो त्यांना."

टेपरावांनी धावत जाऊन यादी काढली. मशीननं एक नंबरपासून सुरुवात केली होती. पाचशे साठ दात, म्हणजे पहिली वीस माणसं. आणि पहिली वीस माणसं घरचीच होती. सहा वर्षांपूर्वी नवी पद्धत आली तेव्हा बाहेरचं कुणी तयार होईना, म्हणून मास्तरांनी आधी स्वतःवर आणि आपल्याच लोकांवर प्रयोग केला होता. मास्तर, बाईंची आई, पॉलिशवाल्या मावशी, वॉचमन, टेपरावांचे सासरेबुवा.

"पण सगळे मिसळलेत, मास्तर. मी पुडकी बांधली आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं."

"पुडक्यात मिसळले का? बादलीत मिसळले. तुमची पुडकी चोख आहेत. एक रेष इकडची तिकडे नाही." मास्तर खुर्ची ओढून बसले आणि बाह्या वर केल्या. "आणि मी काय म्हणत होतो? प्रत्येक दात वेगळा असतो. आता बघाच. मेण आणा."

मग ते दोघं बसले. मास्तर बादलीतून दात काढत, नुसत्या नजरेनं ओळखत आणि सांगत, "मावशी, खालची उजवी, पहिली उपदाढ." टेपराव त्या नावाच्या मेणपट्टीत तो दात बसवत. वॉचमन समोर उभा राहून थक्क होऊन बघत होता. मध्येच मास्तरांनी एक दात त्याच्यापुढे धरला. "तुझा. हा तरी पांढरा राहू दे, तंबाखू सोड." साडेअकराला शेजारच्या खोलीतली टेप पूर्ण होऊन थांबली, पण तिच्याकडे बघायलाही कुणी उठलं नाही. उपदाढ, सुळा, पटाशी, वरचा, खालचा, डावा, उजवा. टेपरावांना सगळा जबडा तोंडपाठ झाला.

दुपारी दोनला शेवटच्या पट्टीचं काम चालू असताना दारात पर्स वाजली.

"टेपचं कुठवर आलं?" बाई होत्या.

"झाली, बाई," टेपराव उभे राहिले. "साडेअकराला."

"आज? शनिवारी?" बाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. "बादलीत काय आहे?"

टेपरावांनी जे झालं ते सगळं सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही की एक गाळलं नाही. बाईंच्या कपाळावरची शीर उठलेली दिसत होती.

"म्हणजे सोमवारी सर्व्हर मोकळा, पण ठोकळे नाहीत! नवा माल मंगळवारी दुपारी येणार. तोवर काय करायचं?"

"गेली सहा वर्षं सोमवारी जे करतो ते," मास्तर शांतपणे म्हणाले. "यात नवं नुकसान काय? आणि हे बघा." त्यांनी एक मेणपट्टी बाईंच्या हातात ठेवली. "मातोश्री. कवळी पाच-सहा वर्षांनी बदलायची असते, हे आपणच दवाखान्यांना कळवतो. त्या दोन वर्षं सांगतायत, सैल झाली म्हणून. आपल्या सगळ्यांच्याच झाल्यात. सोमवारी वीस जणांना बोलवा, हिरड्यांची मापं पुन्हा घेतो, नव्या बैठकीवर हे दात चढवतो. त्याला ठोकळे लागत नाहीत."

बाईंनी पट्टी उजेडात धरली. आईचे दात बघता बघता त्यांचा आवाज जरा खाली आला. "परवाच म्हणाली मला. दुनियेच्या तोंडात दात घालतेस, माझ्या नाही." मग पुन्हा सावरून त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण ती डिस्क आधी तिथून हलवा. टेपराव, उद्या सकाळी सातला या."



खट्! "उद्या त्यांना जमायचं नाही," मास्तर म्हणाले. "उद्या त्यांना होडीत बसायचंय. डिस्कची वायर मी आत्ता काढतो. काढू का टेपराव, कुठली ती?"

बाईंनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा टेपरावांकडे. मग पर्स उघडली, दोन्ही टेपा आत टाकल्या आणि चेन लावली. "सोमवारी नऊला मात्र या," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी सातला टेपराव होडीत बसले होते. होडीवाला वल्ही मारत होता आणि शेजारून लेक पोहत होती. लाल टोपी पाण्यावर वरखाली होत होती. टेपरावांचा ऊर भरून आला होता, पण काळजीही तेवढीच. दर दोन मिनिटांनी ते ओरडत, "शाब्बास! हात लांब! दम आहे ना?" मग गप्प बसत. ते गप्प बसले की पोरगी थांबायची, मान वर काढून होडीकडे बघायची, पाण्यात जरा मागे जायची, मग पुन्हा हात मारायला लागायची. पुन्हा थांबायची. अर्धं तळं झालं नव्हतं आणि तिची दमछाक झाली.

"असं थांबत राहिली तर नाही पोचायची," होडीवाला म्हणाला.

"थांबतेय कशाला पण?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे बघतेय ती. तुम्ही आहात का गेलात."

टेपरावांना एकदम कळलं, आणि कळलं तसं डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं ऐन वेळी हा माणूस उठून गेलेला होता. आवाज थांबला की पोरीला वाटत होतं, बाबा गेला टेप बदलायला.

त्यांना गाणं येत नव्हतं. गोष्ट सुचेना. तोंडात होतं तेवढंच त्यांनी सुरू केलं. "वरचा डावा, पटाशीचा पहिला! वरचा डावा, पटाशीचा दुसरा! वरचा डावा सुळा! पहिली उपदाढ, दुसरी उपदाढ, पहिली दाढ, दुसरी दाढ! आता वरचा उजवा..." होडीवाल्यानं वल्ही मारायचं थांबून त्यांच्याकडे बघितलं, पण टेपराव थांबले नाहीत. खालचा डावा, खालचा उजवा, अठ्ठावीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. मधे श्वास घ्यायलाही खंड पडू दिला नाही. लाल टोपी एकदा वळली, क्षणभर डुलली, आणि मग वळायचीच थांबली. हात मारत, हात मारत, एका लयीत सरळ पलीकडे निघाली.

काठावर बायको टॉवेल घेऊन उभी होती, पाण्यापासून चांगली दहा हात दूर. तिच्या शेजारी घरच्या चपलांत मास्तर. लेकीनं पायरीला हात लावला तेव्हा दोघांनी एकदमच टाळ्या वाजवल्या. टेपराव होडीतून उडी मारून, गुडघाभर पाण्यातून बुटांसकट तिच्यापाशी पोचले.

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "मी सगळं ऐकत होते. तू प्रत्येक वेळी अठ्ठावीसलाच परत सुरू करत होतास. बत्तीस असतात. अक्कलदाढा राहिल्या."

टेपरावांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण त्यांचा आवाज कधीच बसला होता. तोंडातून फक्त वारा आला.

"बरं," लेक म्हणाली आणि ओल्या अंगानं त्यांना मिठी मारली. असं 'बरं' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.